मारिसोलच्या शिकवणीचा खरा वृत्तान्त

"बाबा सिंगापूरला आले तेव्हा त्यांचा वेळ जाता जात नव्हता. मग मीच आमच्या शेजारच्या मारिसोलला हळूच सांगितलं, की तू त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला ये. तिला इंग्रजी छान येत होतं, पण माझ्यासाठी ती बिचारी दोन वर्षं विद्यार्थिनी होऊन बसली. बाबांना हे आज, हा लेख वाचूनच कळेल."

आपल्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत माझ्या सूनबाई सौ. अनघा यांनी ही चार वाक्ये लिहिली आहेत. पहिले वाक्य खरे आहे. दुसरे निम्मे खरे आहे. तिसरे आणि चौथे साफ चूक आहे. मी सांगलीच्या एका मराठी शाळेत तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि तितकीच वर्षे पेपर तपासले. चारांत दीड, म्हणजे शंभरात साडेसदतीस. माझ्या नियमाप्रमाणे सूनबाई पास आहेत, पण उत्तरपत्रिका तशीच गठ्ठ्यात बांधावी अशी नाही. ती वाचून अनेकांनी मला लिफ्टमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमात, एकाने तर थेट सांगलीहून फोन करून, "काय मास्तर, सुनेनं बरं खेळणं आणून दिलं होतं की!" असे ऐकवले. त्या सर्वांसाठी हा खुलासा आहे. तो सूनबाईंविरुद्ध नाही, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्याला कळेल.

मी सांगली सोडली ती २००४ च्या जानेवारीत. पत्नीला जाऊन दहा महिने झाले होते. निखिल, माझा मुलगा, न्यायला आला होता. गॅसची जोडणी परत केली, वर्तमानपत्र बंद केले, तिच्या साड्या तिच्या बहिणींनी नेल्या. राहिल्या त्या पाठ-टाचणाच्या वह्या.

"बाबा, वीस किलोचीच परवानगी आहे. वह्या कशाला?"

"मग स्वेटर राहू दे. वह्या येतील."

एसटी स्टँडवर शाळेतले सहकारी निरोपाला आले होते. संस्कृतचे कुलकर्णी सर माझे जुने प्रतिस्पर्धी. ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "साळुंखे, तेहतीस वर्षं पोरांना इंग्रजी बोला, इंग्रजी बोला म्हणून छड्या मारल्यात. आता जा आणि स्वतः बोला!"

मी म्हणालो, "मी निदान विमानानं तरी पोहोचेन. तुम्ही संस्कृत बोलायला जाणार तिथं जायला विमानसुद्धा लागत नाही."

सगळे हसले, कुलकर्णीही हसले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. त्यांच्या त्या टोमण्यात किती तथ्य आहे हे मला आठवडाभरातच उमगले.

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागात निखिलचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. खाली पोहण्याचा तलाव, वर थंड हवेचे यंत्र, भांडी घासायलाही यंत्र. निखिल आणि सूनबाई दोघेही बँकेत, सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला घरी. नात इरा शाळेत. मी काही करायला उठलो की सूनबाई म्हणत, "बाबा, तुम्ही बसा. तुम्ही काहीही करायचं नाही." यात प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते, हे मी तेव्हाही जाणून होतो. पण माझी आई आम्हा भावंडांना सांगत असे, "रिकाम्या हातानं ताटावर बसू नये. निदान तांब्या तरी भरून आण." त्या घरात भरून आणण्यासारखा तांब्याच नव्हता. इराचा अभ्यास घ्यावा म्हटले तर तिने माझे एक वाक्य ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजोबा, दॅट वन कॅनॉट ला. माय टीचर वोन्ट अंडरस्टँड."

आणि इंग्रजीचे म्हणाल, तर ज्या भाषेवर मी पोट भरले ती इथे मला ऐकूच येईना. व्याकरण मला सारे येत होते, पण बोलण्याचा वेग आणि सूर यांनी माझी दाणादाण उडवली. घराजवळच्या बाजारात मासेवाली चिनी बाई काहीतरी विचारी, मी हसून मान डोलावी. आपली मान डोलावण्याची तऱ्हा अशी, की माझा होकार तिला नकार वाटला आणि तिने तोललेले बांगडे उचलून परत बर्फात ठेवले. मी तीन दिवस बांगड्यावाचून घरी आलो. घरी सांगितले की आज मासा ताजा नव्हता.

म्हणूनच मारिसोलचे दुखणे मला ओळखता आले. ते दुसऱ्या कुणालाही ओळखता आले नसते, खुद्द तिच्या नवऱ्यालाही नाही.

मारिसोल आमच्याच मजल्यावर राही. पेरू देशातली, आरेकिपा नावाच्या गावची, वय पस्तिशीचे. तिचा नवरा जवळच्याच एका संशोधन संस्थेत होता. सूनबाई तिला वर्षभर ओळखत होत्या, म्हणजे लिफ्टमध्ये आणि तलावाकाठी. तिच्याजवळ तीसेक वाक्ये पाठ होती: आज उकाडा फार आहे, तुमची मुलगी किती गोड आहे, पुन्हा भेटू. ती वाक्ये ती इतक्या सफाईने आणि इतकी हसून म्हणे, की ऐकणाऱ्याला वाटावे, हिला सगळे येते. उरलेल्या बोलण्याला ती नुसते "येस, येस" म्हणे. "तिला इंग्रजी छान येत होतं" या सूनबाईंच्या वाक्याचा उगम हा.

मार्चमधल्या एका सकाळी ती मासेवालीकडे माझ्यापुढे उभी होती. मासेवालीने भराभर दोन-तीन प्रश्न केले. मारिसोल प्रत्येकाला हसून "येस" म्हणाली. मासेवालीने माशाचे डोके छाटले आणि खालच्या बादलीत टाकले. मारिसोलचे हसू तसेच राहिले, पण डोळे त्या बादलीकडे गेले. मी पुढे होऊन म्हणालो, "तुम्हाला डोकं हवं होतं."

ती माझ्याकडे वळली. मग तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "नेहमी हवं असतं. त्याचं सूप करतात आमच्याकडे. आणि मी नेहमी येस म्हणते."

शेजारच्याच हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, आम्ही कॉफी घेतली. तिथे तिने मला सांगितले, की बालवाडीत मदतनीस म्हणून काम मिळवायला तिने इंग्रजीची परीक्षा दिली आणि ती नापास झाली. नवऱ्याला परीक्षा दिल्याचेच माहीत नव्हते. तो पाहुण्यांना अभिमानाने सांगे, की माझी बायको वर्षात इंग्रजी शिकली. मी शिक्षक होतो हे कळल्यावर तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि विचारले, "मला शिकवाल? पण कुणाला सांगायचं नाही."

हे तिचे गुपित होते. म्हणून इथे लिहिण्यापूर्वी मी आरेकिपाला फोन लावून तिची परवानगी घेतली. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "लिहा, मायेस्त्रो. आता काय त्याचं!" मायेस्त्रो म्हणजे त्यांच्याकडे मास्तर. सुरुवातीला ती मला प्रोफेसर म्हणे. मी सांगितले, प्रोफेसर कॉलेजात असतात, मी मास्तर आहे. तेव्हापासून मायेस्त्रो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ वाजता, नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा वर्ग भरू लागला. तिने तिचे क्रमिक पुस्तक उघडले आणि एका शब्दावर बोट ठेवले. जी, ई, टी. गेट. दोन पाने भरून त्याचे अर्थ दिलेले. तिच्या महागड्या वर्गातला शिक्षक जन्माने इंग्रज. तो तिला म्हणाला होता, की हा शब्द ऐकून ऐकून आपोआप येतो. ज्याला तो आपोआप आला त्याने दुसरे काय सांगावे? मला तो आपोआप आलेला नव्हता. मी तो सातवीत, कंदिलाखाली, एकेक अर्थ वेगळा करून शिकलो होतो. म्हणून मी म्हणतो, की या बाबतीत तो इंग्रज माझ्या पासंगालाही पुरणार नाही.

तरीही आरंभी मी एक चूक केली. खुलासा लिहायचा तर ती लपवून चालणार नाही. आमच्या पिढीच्या मराठी शाळांत हा शब्द आळशी समजला जाई. निबंधात दिसला की त्याखाली लाल रेघ. मिळणे असेल तर ऑब्टेन लिहा, होणे असेल तर बिकम लिहा, पोहोचणे असेल तर रीच लिहा. मी मारिसोललाही तेच शिकवले: हा शब्द वापरूच नकोस. दोन आठवड्यांनी ती मोठ्या धीराने मासेवालीसमोर उभी राहिली. मी मागे पिशवी घेऊन. ती स्पष्ट उच्चारांत म्हणाली, "प्लीज ऑब्टेन मी द हेड."

मासेवालीचा सुरा हवेतच थांबला. "ऑब्टेन? ऑब्टेन व्हॉट? वा, यू लॉयर, इज इट?"

रांग हसली. सर्वांत जास्त मारिसोल हसली. मी हसलो नाही. घरी येऊन तेहतीस वर्षांच्या त्या लाल रेघा डोळ्यांपुढून जाऊ देत बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले, "मी चुकलो. पुन्हा पहिल्यापासून." एखाद्या विद्यार्थ्याला हे सांगण्याची ती माझी पहिली खेप. साठी उलटल्यावर हे सांगायला शिकवणाऱ्या त्या मासेवालीचे मी आजही मनोमन आभार मानतो.

मग मी स्वतःच विद्यार्थी झालो. दुपारी बुओना व्हिस्टाला एमआरटीत, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेत, बसायचे, जुरोंग ईस्टपर्यंत जायचे, मॉलमध्ये एक फेरी, परत यायचे. हातात लहान वही, कान उघडे. तो शब्द जिथे ऐकू येईल तिथे लिहून घ्यायचा. आणि मला दिसले, की जो शब्द मी आळशी म्हणून हाकलला होता त्याच्याच खांद्यावर हे सारे शहर चालले आहे. शाळकरी मुलगी फोनवर, "आय गेट ऑफ नेक्स्ट स्टेशन." दुकानात, "गॉट डिस्काउंट ऑर नॉट?" मला उभा पाहून एक अनोळखी मलय तरुण उठून म्हणाला, "अंकल, हिअर गॉट सीट." आणि दोन चिनी म्हाताऱ्या एकमेकींना सारख्या म्हणत, "व्हेअर गॉट!" म्हणजे आपल्याकडे स्तुती केली की बायका म्हणतात ना, "कुठलं काय!", अगदी तेच. मी त्या डब्यात एकटाच हसलो. जिथली भाषा मला बहिरा करून गेली होती तिथे मी पहिल्यांदा कुणाचे तरी बोलणे मनापासून ऐकले होते.

या टिपणांवरून मी तक्ता बनवला. मधल्या रकान्यात माझ्या समजुतीसाठी मराठी क्रियापदे: मिळणे, आणणे, पोहोचणे, होणे, कळणे, लागणे, दमणे. उजवा रकाना मारिसोलने भरायचा. तिने तिच्या स्पॅनिशमध्ये लिहिले: मिळणे, रेसिबिर. आणणे, त्राएर. पोहोचणे, येगार. कळणे, एन्तेन्देर. दमणे, कान्सार्से. भरून झाल्यावर आम्ही दोघेही तक्त्याकडे बघत राहिलो. तिच्या भाषेतही प्रत्येक कामाला वेगळा गडी होता, माझ्या भाषेतही. इंग्रजी तेवढी सगळी कामे एकाच गड्याकडून करून घेते. तिची अडचण आणि माझी अडचण एकच होती. आणखी एक गंमत. इंग्रजीत माणूस आंब्याला आवडून घेतो, पण मराठीत आंबा माणसाला आवडतो. स्पॅनिशमध्येही तो माणसालाच आवडतो. "मे गुस्ता," ती म्हणाली. मी म्हणालो, "मला आवडतो." अर्ध्या पृथ्वीपलीकडची बाई, पण आंबा आमच्याकडे एकाच वाटेने येत होता. पत्नी गेल्यानंतर कुणाला तरी काही सांगावेसे वाटले असे त्या दिवशी प्रथम झाले, आणि सांगायला समोर कुणीतरी होते.

तक्त्यानंतर गृहपाठ. मी तिला खिशात मावेल अशी वही दिली. दिवसभरात कुणीही तो शब्द वापरला, की वाक्य समजो वा न समजो, जसे कानावर पडेल तसे लगेच बाजूला होऊन उतरवायचे, त्या शब्दाखाली लाल खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी अर्थ विचारायचा. एकही दिवस तिने चुकवला नाही.

अशा रीतीने तीन महिने झाले. सूनबाईंना यातले काहीही ठाऊक नव्हते. त्यांना दिसत होता तो संध्याकाळी सातला सोफ्यावर गप्प बसलेला सासरा. आणि तो गप्प असे, कारण गुपित दुसऱ्याचे होते. जूनमधल्या एका रविवारी दोन्ही घरे मिळून पुलाउ उबीन या जवळच्या बेटावर गेलो. बंबोटीतून, म्हणजे तिथल्या लहान मोटारबोटीतून, उतरल्यावर पोरांनी सायकली घेतल्या, पुरुष त्यांच्यामागे गेले. मी एका झाडाखाली बसलो. सूनबाई मारिसोलला घेऊन शहाळेवाल्याच्या टपरीकडे गेल्या आणि माझ्याकडे एकवार पाहून हलक्या आवाजात तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मारिसोल हसून मान हलवत होती. परतीच्या बंबोटीत सूनबाई इतक्या समाधानी दिसल्या, की निखिलने विचारले, "काय गं, लॉटरी लागली का?"

"तुला काय करायचंय? माझं मला माहीत!"

मंगळवारी दुपारी, सूनबाईंनी रजा घेतलेली असताना, आमच्या दाराची घंटा वाजली. मारिसोल, हातात कोरी वही. "सर, आय वॉन्ट टु लर्न इंग्लिश."

मी चष्मा पुसला. "बरं. या, बसा. आधी काही शिकला आहात का?"

"व्हेरी लिटल, सर."

स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई पदराने नव्हे, पण ओढणीने डोळे टिपत उभ्या होत्या. आम्ही दोघांनी तो प्रवेश निभावून नेला. तिचे गुपित राखले गेले आणि सूनबाईंचा आनंदही. त्यानंतर शिकवणी आमच्या घरी आली. सूनबाईंनी खास त्यासाठी खिडकीपाशी टेबल घेतले, वर चांगला दिवा लावला. शनिवारी आल्याचा चहा आणि बेसनाचे लाडू देऊन, "माझं काही नाही, चालू द्या तुमचं," म्हणत त्या आत जात. हॉकर सेंटरच्या डगमगत्या टेबलावर जे झाले नसते ते या टेबलावर झाले. मारिसोल दुसऱ्या खेपेला पास झाली. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला दोन्ही निकाल एकदम दाखवले. तो, म्हणे, पहिला निकाल हातात धरून जास्त वेळ बसला. तिला बालवाडीत काम मिळाले. २००६ साली नवऱ्याच्या नोकरीची मुदत संपली आणि ती माणसे आरेकिपाला परत गेली. मी मात्र इथेच राहिलो. दर खेपेला माझ्या इथे राहण्याच्या पासची मुदत निखिल वाढवून आणतो, आणि दर खेपेला मी "बघू, या वर्षी सांगलीलाच जावं" असे म्हणतो. आता ते कुणी मनावर घेत नाही, मीसुद्धा नाही.

सांगलीचे घर अजून आहे. किल्ली कुलकर्णी सरांकडे असते. ते दिवाळीत दिवा लावून मला फोन करतात आणि टोमणाही मारतात. त्या घरात माझी पंचेचाळीस वर्षे आहेत. पण जुरोंग ईस्टहून परतताना गाडी बुओना व्हिस्टाच्या जवळ आली, की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात आणि मनात येते, घर आले. घर म्हणजे काय, यावर स्मरणिकेत दरवर्षी चार लेख असतात, बहुतेक डोळे ओले करून लिहिलेले. मी एवढेच सांगेन. माझे काम कुणाला तरी लागते, आणि माझ्यावाचून त्याचे अडते, हे जिथे मला पुन्हा एकदा दिसले त्या जागेला मी घर म्हणतो. हे मला दिसावे म्हणून सूनबाईंनी धडपड केली. ती धडपड उशिराची होती, पण खोटी नव्हती. उबीनला त्या माझ्याविषयी जे बोलल्या तेही अक्षर न् अक्षर खरे होते. तीन महिन्यांपूर्वी ते त्याहूनही खरे होते. त्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे आणि हे चारचौघांत लिहून देताना मला कमीपणा वाटत नाही.

कमीपणा वाटतो तो मारिसोल दयेपोटी येऊन बसली असे म्हटल्याने. दया करायची तर आधी विनंती समजावी लागते. आणि सूनबाई, उबीनला तुम्ही काय बोललात हे मला आजच कळले असेही नाही. चार वर्षांपूर्वी, त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी कळले. तुम्ही विचाराल, कुणी सांगितले? कुणीही सांगितले नाही. सोमवारी सकाळी नऊ वाजता, हॉकर सेंटरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, मारिसोलने रोजच्यासारखी खिशातली वही उघडून माझ्यापुढे ठेवली. तीत तिच्या मोडक्या स्पेलिंगांत, तीन ठिकाणी लाल खुणा करून, तुमचे वाक्य लिहिलेले होते: "गेट हिम टु टीच यू समथिंग, इट विल गेट हिम आउट ऑफ द हाउस, ही गेट्स सो लोन्ली." आणि तिने मला त्याचा अर्थ विचारला.